काढून ठेवलेली माळ

फुलांच्या दुकानात काम करते म्हटलं की लोक विचारायचे, दिवसभर सुवासात बसून कसं वाटतं? खरं उत्तर एकच. थंडी वाटते. कतारला, दोह्यात, बाहेर माणूस भाजून निघायचा आणि मी मागच्या खोलीत स्वेटर घालून, पायात मोजे चढवून, डोक्याला स्कार्फ बांधून बसलेली असायची. फुलांना लागते तेवढी थंडी माणसाला सोसत नाही. तेरा वर्षं मी ती सोसली. आता वसईला घरी मी पंखा एक नंबरवर लावते आणि पाहुणे घामाघूम होतात.

दुकान अल सद्दला होतं. मालक कतारी. महिन्यातून एकदा यायचे, गुलाबांकडे बघून ‘माशाल्ला’ म्हणायचे आणि जायचे. बाकी सगळं हुसेनभाईंच्या अंगावर. ते रत्नागिरीकडचे. पुढे काउंटरवर ते आणि मागे मी. माझं शिक्षण चौथी. इंग्रजी येत नव्हतं, हिंदी मोडकं, आणि अनोळखी माणूस समोर आलं की माझे शब्द घशातच राहायचे. कामाला लागले त्याच दिवशी मी त्यांना सांगून टाकलं, “हुसेनभाय, काय वाटेल ते काम सांगा, पण मला पुढे उभं करू नका.”

ते म्हणाले, “बरं झालं. पुढे बोलायला मी एकटाच पुरतो.”

आमचं घर फुलांचंच. आई मोगरा, सोनचाफा विकायची आणि माझी शाळा सुटली तीही कळ्या खुडण्यासाठी. पण दोह्यातलं फूल वेगळं. ते विमानाने यायचं. गुलाब एका खंडातून, ऑर्किड दुसऱ्या खंडातून, मोगरा आपल्याकडून थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाशेजारी बसून. खोकी उघडली की पहिलं काम म्हणजे देठाचं टोक पाण्यात बुडवून तिरकं कापायचं. प्रवासात देठाचं तोंड मिटलेलं असतं, ते उघडलं नाही तर बादलीभर पाण्यात उभं राहूनही फूल तहानेनं मरतं. मग काटे काढायचे, खालची पानं काढायची आणि चार तास त्याला कुणी हात लावायचा नाही. माणसासारखंच. लांबून आलेल्याला आधी पाणी द्यावं, बसू द्यावं, मग कामाला लावावं. उन्हाळ्यात आमचा मोठा शत्रू म्हणजे पार्किंग. गिऱ्हाईक गुच्छ घेऊन दुकानातून गाडीपर्यंत जायचं आणि तेवढ्यात फुलांनी मान टाकलेली असायची.

माझ्या हातून चुका झाल्या नाहीत असं नाही. गुच्छाबरोबर पाकिटात कार्ड जायचं आणि ते मला वाचता यायचं नाही. मी पाकिटाच्या रंगावरून ओळखायची. एकदा इस्पितळात जाणारे दोन गुच्छ होते, दोन्ही पाकिटं निळी. एक बाळंतिणीला, दुसरा ऑपरेशन झालेल्या एका साहेबाला. संध्याकाळी त्या साहेबांचा फोन आला. हुसेनभाई ऐकत होते आणि त्यांचा चेहरा लाल होत होता. मला वाटलं, गेली माझी नोकरी. फोन ठेवून ते खुर्चीत बसले आणि हसू लागले. “साहेब म्हणतो, मुलगा झाला म्हणून अभिनंदन केलंत, शुक्रन. पण मला खडा झालेला. डॉक्टरनं बाटलीत भरून दिलाय. नाव काय ठेवू विचारतोय.”

त्यानंतर पास्कलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला चार इंग्रजी शब्द ओळखायला शिकवले. वाचायला नव्हे, ओळखायला. चेहरा ओळखतो तसे.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याच गोष्टीबद्दल. ती मी कधी कुणाला नीट सांगितली नाही. सांगायला गेले की मधेच लाज वाटून थांबायची. वहीत तसं होत नाही.

अल गराफाला एका व्हिलात लानी नावाची बाई राहायची. नवरा गॅसच्या कंपनीत इंजिनियर. ती हवाईची. हवाई म्हणजे अमेरिकेची बेटं, पण अमेरिकेपासून लांब समुद्रात. हे मला हुसेनभाईंनी काउंटरवर बिलाच्या कागदावर ठिपके काढून दाखवलं. दरवर्षी एप्रिलमध्ये एका शुक्रवारी ती बाई घराजवळच्या शाळेच्या मैदानावर आपल्या बेटांचा उत्सव करायची. गाणी, नाच, जेवण, मुलांना चटया विणायला शिकवणं. आणि येईल त्याच्या गळ्यात फुलांची माळ. सुरुवातीची दोन-तीन वर्षं तिने मैत्रिणींना घेऊन माळा घरीच केल्या. मग माणसं वाढली आणि ती आमच्याकडे आली.

हुसेनभाई आत आले. “फिलूबाय, शंभर माळा. आणि सगळ्या फुकट वाटायच्या म्हणे.”

“कोणाला?”

“जो येईल त्याला. तिकीट नाय, पास नाय, फॅमिली-बॅचलर नाय. मी विचारलं, मॅडम, मग यात बिझनेस काय? म्हणते, नो बिझनेस.” त्यांनी डोक्याजवळ बोट फिरवलं. “पण बाई चांगली हाय.”

फॅमिली-बॅचलरचं सांगायला हवं. तिथे शुक्रवारी, म्हणजे सुट्टीला, मॉलमध्ये एकट्या कामगारांना सोडत नसत. दारावरचा माणूस पायातल्या चपला बघून हात आडवा करायचा. लानीने मात्र मैदानाच्या दारावरच्या माणसाला बजावून ठेवलं होतं, कुणाला अडवायचं नाही. बाहेर गाड्यांत बसलेल्या ड्रायव्हरांनासुद्धा ती आत बोलवायची.

त्या वर्षी लानीची आई आली होती. वय ऐंशीच्या आसपास, अंगाने भरलेली, केस पांढरेशुभ्र आणि बोटं संधिवाताने वाकडी झालेली. लानीची मुलं तिला तुतू म्हणायची, म्हणजे आजी. मग आम्हीही तुतूच म्हणू लागलो. दुकानाने केलेल्या माळा कशा होतात ते बघायला ती मंगळवारी आली आणि दिवसभर हललीच नाही. तीन दिवस रोज सकाळी लानी तिला आणून सोडायची. मी तिला माझा दुसरा स्वेटर दिला. तो तिला पोटावर बसेना, तशीच बटणं उघडी टाकून ती माझ्याशेजारी बसायची.

आमची माळ गाठींची. दोरा बोटात धरून कळ्यांना फास देत जायचं, सुई लागत नाही. त्यांची ओवलेली. हातभर लांब सुई, ऑर्किडच्या पोटातून बरोबर मधोमध. गळ्यात घालायची रीतही वेगळी. आपला हार पोटावर लोंबतो. त्यांची माळ खांद्यांवर टेकते, अर्धी पुढे, अर्धी पाठीवर. मी पहिली केली ती तुतूने हातात घेतली, एक फूल जरा तिरकं गेलेलं तिला दिसलं आणि तिने सगळी माळ उसवली. हसत हसत उसवली. दुसरी ठेवून घेतली.

आम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिला मराठी कुठून येणार, आणि माझं इंग्रजी म्हणजे गुड, नो गुड, फिनिश. तरी तीन दिवसांत आम्ही पुष्कळ बोललो. तिने मला हाताने सांगितलं की तिला सहा मुलं, दोन वारली. मी तिला सांगितलं, मला एक मुलगी, वसईला आजीजवळ शिकते. एकदा हुसेनभाई माझ्यावर काहीतरी ओरडून गेले आणि मी तोंडातल्या तोंडात पुटपुटत ओवू लागले. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि सुई काढून घेतली. मला काही कळेना. लानी संध्याकाळी आली तेव्हा हुसेनभाईंमार्फत कळलं. रागावलेल्या हाताने माळ करायची नसते. जो घालेल त्याच्या गळ्यात तो राग जातो.

“म्हणजे माझा राग कतारभर फिरणार होता,” हुसेनभाई म्हणाले. “म्हातारीनं वाचवलं.”

शुक्रवारी सकाळी तुतू व्हिलाच्या बागेतला पांढरा चाफा परडीभर घेऊन आली. आमच्याकडे तो झाडाखाली सडा पडतो तसला चाफा दफनभूमीत असतो. माझ्या वडिलांच्या थडग्यावरही आहे. जिवंत माणसाच्या गळ्यात तो घालायचा ही कल्पना मला सोसेना, तरी मी सुई तिच्या हातात दिली. तुतूने त्या दिवशी ऑर्किडला हात लावला नाही. ती एकच माळ ओवत बसली. बोटं मिटत नव्हती. सुई सुटायची, फूल सुटायचं. मी मदतीला हात पुढे केला तर तिने मान हलवली. माझ्या चाळीसेक माळा झाल्या तेव्हा तिची एक झाली. तिने ती ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली. मला वाटलं, नातवासाठी असेल.

संध्याकाळी आम्ही व्हॅनमधून बादल्या आणि माळा घेऊन मैदानावर गेलो. मी व्हॅनच्या मागेच राहणार होते, पण तिथूनही सगळं दिसत होतं. चार तारांची छोटीशी गिटार वाजत होती. बायका नाचत होत्या, पाय थोडे, हात जास्त. हाताने त्या समुद्र दाखवायच्या, पाऊस दाखवायच्या, कुणाची तरी वाट बघणं दाखवायच्या, आणि ते मला शब्दाविना कळत होतं. तीन दिवस मी तसंच तर बोलत होते. जेवणाला पानात बांधून वाफवलेली कोंबडी होती. त्यांच्याकडे म्हणे डुक्कर खड्ड्यात भाजतात, पण ते कतारमध्ये कुठलं. दारावर लानी आणि तुतू उभ्या होत्या. गोरे साहेब, फिलिपिनो नर्सेस, आपल्या मल्याळी बायका, हातात हात धरून आलेले दोन नेपाळी माळी, प्रत्येकाच्या गळ्यात माळ आणि गालावर ओठ टेकवणं. ते माळी तर इतके लाजले की एकमेकांकडेच बघत राहिले.

मग तुतू दारावरून निघाली आणि थेट व्हॅनकडे आली. हातात ओलं फडकं.

“जा गो पुढे,” हुसेनभाई म्हणाले. “खात नाय ती.”

तिने मला हाताला धरून उजेडात, रसाचे ग्लास मांडलेल्या टेबलापाशी आणलं. फडकं सोडलं. चाफ्याची ती माळ तिने माझ्या गळ्यात घातली, खांद्यांवर नीट बसवली, पाठीमागे जाऊन ओढून सारखी केली आणि माझ्या गालाला गाल लावला. सभोवारच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. सत्तर-ऐंशी माणसं माझ्याकडे बघत होती. माझे कान तापले. माझे हात आपोआप वर गेले. मी माळ काढली, दोन्ही हातांत धरून तिला नमस्कार केला, ती टेबलावर ठेवली आणि व्हॅनमागे पळाले.

मला वाटलं, मी फार चांगलं वागले.

आपल्याकडे असंच असतं. सत्कार झाला की माणूस हार लगेच काढून ठेवतो. गळ्यात घालून बसला तर लोक म्हणतात, बघा कसा हौसेनं मिरवतोय. माझ्या वडिलांचा गावच्या सणात एकदा सत्कार झाला, तर हार गळ्यात पडायच्या आधीच त्यांचे हात तो काढायला वर आलेले. आईला त्याचा केवढा अभिमान. लहानपणापासून बघितलेली रीत अशी हातात बसते की विचारायला डोक्याकडे जातच नाही.

बादल्या व्हॅनमध्ये चढवताना हुसेनभाई गंभीर होते. असे ते क्वचितच असत.

“फिलूबाय, तू माळ फेकलीस?”

“फेकली? मी ठेवली.”

“लानी मॅडम सांगत होती. त्यांच्यात ज्यानं घातली त्याच्यासमोर काढत नाहीत. काढली म्हणजे, तुझी माया मला नको. म्हातारी तेव्हापासून खुर्चीत बसून हाय. पुढच्या माळा पोरींनी घातल्या. तिनं हात लावला नाही.”

मी खाली बसले, तिथेच, दोन बादल्यांमध्ये. “तुम्ही सांगा ना तिला, आमच्यात कसं असतं ते.”

“मी काय सांगू? माळ तुझ्या गळ्यातली.” मग ते म्हणाले, “उद्या दुपारचं विमान हाय तिचं. या वयात परत येणार नाय ती.”

माणसं पांगत होती. मी टेबलापर्यंत गेले. तुतू मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पाठ करून बसली होती. वीस-पंचवीस पावलं असतील. मी गेले नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो. शब्द नव्हते हे खरं, पण तीन दिवस कुठे शब्द होते? मी गेले नाही ते भीतीने. माळ ग्लासांच्या मधे पडली होती, दोन फुलं रसाने भिजलेली. ती मी रुमालात घेऊन घरी आणली आणि फ्रिजमध्ये ठेवली.

पास्कलने इंग्रजीत तीन वाक्यं मराठी अक्षरांत लिहून दिली. मी ती स्वयंपाक करता करता पाठ केली. तो म्हणाला, “उगाच घाबरतेस. म्हातारी विसरलीसुद्धा असेल.” मी म्हटलं, तिची बोटं बघितली असतीस तर असं बोलला नसतास.

शनिवारी सकाळी दुकानात मोगऱ्याचं नवं खोकं आलं होतं. मी तुतूसाठी हार करायला घेतला, आमच्या पद्धतीने, गाठी घालून, जवळजवळ, मधे दोरा दिसणार नाही असा. सुईने केला असता तर लवकर झाला असता. पण तिची वस्तू तिलाच काय द्यायची? हुसेनभाई दोनदा डोकावून गेले. हार झाला तेव्हा मी फ्रिजमधून आणलेली चाफ्याची माळ काढली. कडा तपकिरी पडल्या होत्या. ती मी गळ्यात घातली. स्वेटर काढला, स्कार्फ काढला आणि दुकानाच्या पुढच्या दाराने बाहेर पडले. त्या दाराने मी कधी जात नसे.

“यल्ला, चल,” हुसेनभाई म्हणाले आणि त्यांनी व्हॅनची किल्ली घेतली.

अल गराफापर्यंत प्रत्येक सिग्नलला शेजारच्या गाडीतलं कुणी ना कुणी बघत होतं. कामाच्या कपड्यांत, गळ्यात सुकलेल्या फुलांची माळ घालून बसलेली बाई. कंपाउंडच्या दारावरचा माणूस हुसेनभाईंना म्हणाला, “शादी है क्या?” मी मान खाली घातली, पण हात मांडीखाली दाबून ठेवले. वर येऊ दिले नाहीत.

व्हिलात बॅगा दारात होत्या. तुतू प्रवासाचे कपडे घालून खुर्चीत बसलेली. तिने माझ्या गळ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं आणि पास्कलची तिन्ही वाक्यं गेली. एक शब्द आठवेना. मग मी पुढे झाले आणि मोगऱ्याचा हार तिच्या गळ्यात घातला, घाईघाईने, तव्याला हात लागावा तसे हात मागे घेतले.

एवढ्या वर्षांत किती हार केले त्याचा हिशोब नाही. लग्नाचे, निरोपाचे, देवाचे, फोटोंचे. माझं लग्न सोडलं तर माझ्या हाताने कुणाच्या गळ्यात घातलेला तो पहिला.

तुतूने मोगऱ्याला हात लावला. नाकाशी धरला. लानीकडे बघितलं. मग खुर्चीतून कष्टाने उभी राहिली, दोन्ही वाकड्या हातांनी हार गळ्यातून काढला, माझ्यासमोर धरून तिने नमस्कार केला, जमेल तसा, आणि तो बाजूच्या टेबलावर ठेवला.

मला सगळं ठाऊक होतं. हीच आमची रीत, तिने आमचा मान राखला होता. तरीसुद्धा हार टेबलाला टेकला आणि माझी नजर तिथून हलेना. एवढा वेळ बसून केलेला हार. आणि हिने काढून ठेवला. आदल्या संध्याकाळी तिला काय झालं असेल ते मला त्या क्षणाला कळलं. हुसेनभाईंनी दहादा सांगून कळलं नसतं.

“बरोबर ना?” लानी ड्रायव्हरांकडून शिकलेल्या हिंदीत म्हणाली. “हुसेनभाईंनी रात्री फोन करून सगळं सांगितलं. इथले इंडियन लोक माळ काढतात हे मी दरवर्षी बघत होते. कधी विचारलं नाही. मला वाटायचं, त्यांना फुलांची खाज सुटते.”

मी मागे वळून हुसेनभाईंकडे बघितलं. ते दारातल्या बॅगेची पट्टी तपासत होते, जणू विमान त्यांचंच होतं.

तुतू माझ्या तोंडाकडे बघत होती. बरोबर केलं की नाही, हे विचारत होती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिचा चेहरा पडू लागला. पुन्हा काहीतरी चुकलं असं तिला वाटलं असावं. काल मी पळाले होते. आज पळायला जागा नव्हती, आणि मला पळायचंही नव्हतं. मी टेबलावरचा हार उचलला.

“तुतू, काढू नका,” मी म्हटलं. मराठीतच म्हटलं, आणि मोठ्याने. “आमचं राहू दे. तुमच्यासारखं करा.”

कुणी ते तिला इंग्रजीत सांगितलं नाही. तिने मान खाली केली. मी हार घातला, पाठीमागे जाऊन ओढून सारखा केला, अर्धा पुढे, अर्धा मागे. आणि या वेळी हात लगेच काढून घेतले नाहीत. तिच्या खांद्यांवर तसेच ठेवले, बाहेर गाडीचा हॉर्न दोनदा वाजेपर्यंत.